क्लॅरिनेटचे पॅड बदलताना: जाडी, पातळी आणि लाख

खालचे सूर फुटत नाहीत, रजिस्टर, म्हणजे सुरांचा पट्टा, बदलताना किंचाळी निघते, बारीक आवाजात वाजवायला गेलं की सूर विरून जातो. अशा वेळी दोष बहुतेकदा रीडवर जातो. नवी रीड लावूनही फरक पडला नाही, तर संशय पॅडवर घ्या, म्हणजे चावीच्या वाटीत चिकटवलेल्या, भोक झाकणाऱ्या मऊ चकतीवर. क्लॅरिनेटमध्ये एखाद्या भोकावर हवा गळत असेल, तर तिचा त्रास त्या भोकाच्या खालच्या सगळ्या सुरांना होतो. म्हणून सर्वांत खालचा ई वाजत नसेल, तर चूक खालच्या मोठ्या पॅडचीच असेल असं नाही. वरच्या भागातलं बोटाच्या नखाएवढं पॅड गळत असलं, तरी मार खालच्या ईला बसतो.

पॅरिसमध्ये क्लॅरिनेटवादक क्लोझे आणि वाद्यनिर्माता ऑगस्ट ब्यूफे यांनी १८४०च्या आसपास सिद्ध केलेली रचना आज बोएम सिस्टिम म्हणून सगळीकडे चालते. तिच्यात १७ चाव्या आणि १७ पॅड असतात, ११ वरच्या भागावर आणि ६ खालच्या भागावर. या लेखातलं वर्णन त्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं आहे. बँडमधल्या जुन्या, १३ चाव्यांच्या अल्बर्ट सिस्टिमच्या वाद्यात चाव्यांची मांडणी वेगळी असते, पण पॅड निवडायची आणि बसवायची रीत हीच.

आधी गळती शोधा

वाद्याचे भाग सुटे करा. वरचा भाग घ्या, डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा आपापल्या भोकांवर ठेवा, खालचं तोंड उजव्या तळहाताने बंद करा आणि वरच्या तोंडाने हवा ओढा. भाग हवाबंद असेल तर आत पोकळी धरून राहते, चार-पाच सेकंद तरी सुटत नाही आणि मग तोंड काढल्यावर 'पॉक' असा आवाज येतो. हवा लगेच आत शिरली तर गळती आहे. खालच्या भागासाठी उजव्या हाताची तीन बोटं भोकांवर, करंगळी ई/बीच्या चावीवर आणि डावा तळहात खालच्या तोंडावर. (चाव्यांच्या नावातला पहिला सूर खालच्या रजिस्टरचा, दुसरा वरच्या.)

नेमकं कुठलं पॅड गळतंय हे शोधायला ओढणं चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी एकेक बंद पॅड वरून हलकेच दाबायला सांगा. ज्या पॅडवर बोट ठेवताच पोकळी धरली, ते गुन्हेगार. स्वतःचं बोट भोकावर नीट बसत नसेल तरी हवा शिरते, तेव्हा निकाल लावण्याआधी बोटं पुन्हा ठेवून पाहा.

त्यानंतर कागदी पट्टी. पानटपरीवर मिळणारा रोलिंग पेपर घ्या, गोंदाची कड कापून टाका आणि उरलेल्या कागदाची साधारण ३ मिलिमीटर रुंद, टोकाकडे निमुळती पट्टी कापा. पॅडखाली टोक सारा, चावी तिच्या स्वतःच्या स्प्रिंगने मिटू द्या आणि पट्टी हळू ओढा. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, चारही ठिकाणी ओढ सारखी जाणवायला हवी. एका बाजूला पट्टी सहज निसटत असेल तर गळती तिथेच. ही पट्टी सगळ्या कामात हाताशी लागणार आहे, चार-पाच कापून ठेवा. सॅक्सोफोनवाले नळीत दिवा सोडून गळती पाहतात. क्लॅरिनेटच्या लहान पॅडवर मात्र दिवा फसवतो: पॅडवरच्या पातळ झिल्लीतून उजेड आरपार दिसतो आणि नसलेली गळती दिसल्यासारखी होते. इथे कागदावर भरवसा ठेवावा.

पॅड दिसायला कसं आहे हेही पाहा. झिल्ली फाटलेली, कडेला उसवलेली, काळवंडून कडक झालेली, किंवा भोकाच्या कडेचा वळ इतका खोल की झिल्लीखालचं फेल्ट (दाबलेली लोकर) दबून गेलंय, असं पॅड बदलायचंच. नुसती पिवळसर झालेली पण मऊ आणि हवाबंद झिल्ली बदलू नका. नवशिक्याने सगळे १७ पॅड एकदम उतरवणं हा हमखास गोंधळाचा मार्ग आहे. एका बैठकीत एक, फार तर दोन.

कोणतं पॅड घ्यायचं

सर्वांत सर्रास मिळणारं पॅड म्हणजे मागे पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लोकरीचं फेल्ट आणि वरून पातळ झिल्ली. दुकानदार तिला 'फिश स्किन' म्हणतात, पण ती माशाची नसते, गुराच्या आतड्याच्या आवरणाची असते. घेताना दुहेरी झिल्लीचं घ्या. एकेरी लवकर फाटतं. ही पॅड स्वस्त, हलकी आणि चुका पोटात घालणारी असतात. फेल्ट थोडं दबतं, म्हणून भोकाच्या कडेची किरकोळ उणीव झाकली जाते. पहिलं काम शिकायला हीच घ्यावीत.

चामड्याचं पॅड जास्त टिकतं, मिटताना टपटप आवाज करत नाही आणि खालच्या भागावरच्या चार मोठ्या चाव्यांना शोभतं. मात्र चामड्यामुळे जाडी वाढते, म्हणून झिल्लीचं काढून त्याच मापाचं चामड्याचं घालताना जाडी पुन्हा तपासावी लागते.

कॉर्कचं पॅड वरच्या भागावर, विशेषतः रजिस्टर चावीला उत्तम. तिथे श्वासातलं पाणी सतत साचतं आणि झिल्ली महिनोन्‌महिने ओली-कोरडी होत खराब होते. कॉर्कला पाण्याचं काही वाटत नाही. पण कॉर्क फेल्टसारखं दबत नाही. भोकाची कड सपाट आणि पॅड अगदी समपातळीत असेल तरच ते हवा धरतं. म्हणून कॉर्क दुसऱ्या टप्प्यावर. सिलिकॉनचं तोंड असलेल्या कृत्रिम पॅडबद्दलही तेच: टिकाऊ आहेत, पण चुका माफ करत नाहीत. मागे चिकट थर असलेली स्वयंचिकट पॅड मिळतात, त्यांना उष्णता लागत नाही. उद्या वरात आहे आणि आज पॅड निखळलं, अशा वेळी ती केसमध्ये असावीत. कायमचा उपाय म्हणून ती आम्हाला फारशी पटत नाहीत, कारण चिकटवल्यावर त्यांची पातळी नीटशी बदलता येत नाही.

माप

पॅडचा व्यास मिलिमीटरमध्ये, अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतो. वरच्या भागावरची बहुतेक पॅड साधारण ९ ते ११ मिलिमीटरची आणि खालच्या भागावरची सर्वांत मोठी १६-१७ च्या आसपास असतात. पण हे आकडे नुसते अंदाजासाठी. मोजायचं ते चावीच्या वाटीचं आतलं तोंड, व्हर्नियर कॅलिपरने, दोन दिशांनी. जुनं पॅड मोजू नका. ते आधीच्या कारागिराने जवळ होतं ते घातलेलं असू शकतं, आणि वापराने त्याचा आकारही बदललेला असतो.

मोठ्या कंपन्यांच्या मॉडेलांसाठी १७ पॅडचे तयार संच मिळतात आणि ते सोयीचे असतात. मेरठमध्ये तयार झालेल्या किंवा दोन-तीन वाद्यांचे भाग जोडून चालवलेल्या क्लॅरिनेटला मात्र संच मागवू नका. प्रत्येक वाटी वेगळी मोजा, कागदावर चावीचं नाव आणि माप लिहा, आणि मागवताना त्या मापाबरोबर अर्धा मिलिमीटर लहान आणि अर्धा मोठं असं एकेक जादा घ्या. पॅड स्वस्त आहेत, पार्सलची वाट पाहणं महाग.

पॅड वाटीत बोटाच्या हलक्या दाबाने जावं. मोठं असेल तर कडेला झिल्ली गोळा होते आणि मधला भाग फुगतो. मग ते भोकाच्या कडेवर कधीच सपाट बसत नाही. लहान असेल तर वाटीत सरकतं आणि कडेने पॅड चिकटवायची लाख डोकावते.

व्यासाइतकीच, खरं तर व्यासाहून जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाडी. क्लॅरिनेटची पॅड साधारण २.५ ते ३.२ मिलिमीटर जाड असतात आणि त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फरकावर सगळं काम तरतं किंवा बुडतं. चावी बिजागरीवर फिरते. पॅड फार जाड असेल तर बिजागरीकडची बाजू भोकाला आधी टेकते आणि समोरची कड उघडी राहते. पॅड फार पातळ असेल तर उलट: समोरची कड आधी टेकते, मागची उघडी. लाख लावण्याआधी पॅड नुसतं वाटीत ठेवून, चावी वाद्यावर चढवून, डोळा भोकाच्या पातळीवर आणून बाजूने पाहा. मिटलेल्या चावीची वाटी भोकाच्या कडेला समांतर दिसली की जाडी बरोबर. किंचित पातळ पॅड चालतं, कारण मागे लाखेचा थर वाढवून ते उचलता येतं. जाड पॅडला उपाय नाही, दुसरं घ्या. अशा वेळी चावीचा दांडा वाकवून जमवण्याचा मोह होतो. तो टाळा. चावी वाकवली की पुढचं प्रत्येक पॅड त्या वाकड्या मापाने शोधावं लागतं.

सामान

१.५ ते २.५ मिलिमीटर रुंद तोंडाचे दोन-तीन चांगले स्क्रू-ड्रायव्हर, स्प्रिंग सोडवायला खाच पाडलेला आकडा, क्रोशाची बारीक सुईही चालते, टाचणी, व्हर्नियर, स्पिरिटचा दिवा, पॅडखाली सारायला गुळगुळीत कडांची पातळ धातूची पट्टी, जुन्या सुती कपड्याचे तुकडे, इअरबड, थोडं स्पिरिट. आणि लाख. सुतार पॉलिशसाठी वापरतात ती चपडी लाख वितळवून तिची पेन्सिलएवढी कांडी वळून घेता येते. वाद्यांच्या दुकानात तयार कांडीही मिळते. लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते, थंड झाली की टणक होते आणि पुन्हा गरम केली की पुन्हा मऊ. पॅड बसवण्याचं सगळं तंत्र लाखेच्या या गुणावर उभं आहे. ग्लू-गनची कांडीही चालते आणि अनेक कारागीर तीच पसंत करतात. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद मात्र कधीही नको. तो एकदा धरला की पॅड हलत नाही, आणि पहिल्याच प्रयत्नात पॅड समपातळीत बसेल ही अपेक्षा अनुभवी माणूसही ठेवत नाही.

पहिलं पॅड: खालच्या भागावरचं ए-फ्लॅट/ई-फ्लॅट

सुरुवात या चावीपासून करा, तिचं पॅड ठीक असलं तरी सरावासाठी. उजव्या करंगळीची ही चावी एरवी मिटलेली असते, दुसऱ्या कुठल्याही चावीला बांधलेली नसते आणि पॅड मोठं असल्याने काय चाललंय ते दिसतं.

आधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. मग आकड्याने चावीखालची सुईसारखी स्प्रिंग तिच्या खाचेतून सोडवा. हे विसरून बिजागरीतला स्क्रूचा दांडा ओढला तर स्प्रिंग वाकते किंवा तुटते. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसवून दांडा उलट्या दिशेने फिरवा, बाहेर काढा, चावी उचलून घ्या आणि दांडा लगेच त्याच चावीत परत सरकवून ठेवा. दोन सारखे दिसणारे दांडे लांबीला केसभर वेगळे असतात आणि अदलाबदल झाली की चाव्या अडकतात.

चावी टोकाला कापडात धरून वाटीची पाठ स्पिरिटच्या ज्योतीच्या कडेवर तीन-चार सेकंद धरा, मग टाचणी पॅडच्या कडेत टोचून उचला. निघालं नाही तर पुन्हा थोडी उष्णता, ओढाताण नको. वाटीतली जुनी लाख गरम असतानाच पुसून घ्या, उरलेली स्पिरिटच्या बोळ्याने निघते. स्पिरिट वाद्याच्या अंगावर सांडू देऊ नका. लाकडाचं पॉलिश जातं आणि प्लास्टिकवर डाग पडतात.

वाटी रिकामी असतानाच भोकाची कड पाहा. ओल्या करून पिळलेल्या इअरबडने तिच्यावरचा मळ काढा आणि उजेडात तिरकं धरून नख फिरवा. कडेचा टवका उडालेला असेल, खोल ओरखडा किंवा बारीक चीर असेल, तर कितीही चांगलं पॅड घातलं तरी तिथून हवा जाणार. ते काम कारागिराचं. कड घासून सपाट करायला जाऊ नका. रिकामी चावी वाद्यावर चढवून ती आडवी डुगडुगते का हेही याच वेळी बघा. डुगडुगणारी चावी प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी मिटते आणि पॅडवर एकाऐवजी दोन वळ उमटतात.

आता नवं पॅड. त्याच्या बाजूला, फेल्टच्या जाडीत, टाचणीने एक बारीक भोक पाडा. हे गाळलं तर उष्णतेने आतली हवा फुगते आणि झिल्ली पुरीसारखी टम्म होते. वाटी गरम करा, लाखेची कांडी आत टेकवा. १७ मिलिमीटरच्या वाटीत तळ झाकेल एवढा पातळ थर पुरतो, ९-१० मिलिमीटरच्या वाटीत तांदळाच्या दाण्याएवढी लाख. पॅड ठेवा आणि लाख ओली असताना बोटाने थोडं गोल फिरवा, म्हणजे ती सगळीकडे सारखी पसरते. लाख बाहेर आली तर जास्त झाली. पॅडखाली मधेच पोकळी राहिली तर ते आज बसल्यासारखं वाटेल आणि आठवड्याने एका बाजूला खचेल.

चावी वाद्यावर चढवा, दांडा घाला, स्प्रिंग खाचेत बसवा. पॅड आणि भोक यांच्यामध्ये धातूची पट्टी सारा. दिव्याची ज्योत वाटीच्या पाठीवर दोन-तीन सेकंद, वाद्याच्या अंगापासून दूर ठेवून. प्लास्टिकच्या वाद्यावर उघडी ज्योत अजिबात नको. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक वाटीवर पाच-दहा सेकंद टेकवा. सुई-स्प्रिंगवर ज्योत गेली तर पोलादाचा ताव उतरतो आणि ती कायमची सैल पडते. लाख मऊ झाली की पट्टी पॅडच्या तोंडावरून हलकेच फिरवून ते सपाट करा, पट्टी काढा आणि चावीला तिच्या स्प्रिंगच्या ताकदीनेच मिटू द्या. अर्धा मिनिट थांबा.

मग कागदी पट्टी, चार ठिकाणी. समजा समोर ओढ घट्ट आहे आणि मागे सैल. म्हणजे मागची कड भोकाकडे थोडी खाली यायला हवी. वाटी पुन्हा गरम करा, पट्टीच्या कडेने किंवा टाचणीने पॅडची मागची बाजू केसभर बाहेर ओढा, मिटू द्या, थंड होऊ द्या, पुन्हा मोजा. चार-पाच वेळा हे करावं लागणं साधारण आहे. इथेच घाई होते आणि चावी बोटाने करकचून दाबून वळ पाडला जातो. तशाने पॅड त्या दिवशी हवा धरतं. पण वाजवताना चावी मिटते ती स्प्रिंगच्या हलक्या जोरावर, बोटाच्या जोरावर नाही, आणि दबलेलं फेल्ट दोन दिवसांत फुगून मूळ जागी येतं. चांगल्या बसलेल्या पॅडवर वळ असतो तो बारीक, सगळीकडे सारख्या खोलीचा आणि वाटीच्या मधोमध.

झिल्लीला सुरकुती राहिली असेल, तर ओलसर बोट फिरवून थोडी नरम करा आणि कोमट पट्टी तिच्यावरून क्षणभर सरकवा. पट्टी मनगटाला सहन होईल एवढीच गरम हवी, नाहीतर झिल्ली आकसून फाटते.

मिटलेल्या आणि उघड्या चाव्या

१७ पैकी ११ चाव्या एरवी मिटलेल्या असतात आणि ६ उघड्या. मिटलेल्या चाव्यांना हवा धरून ठेवण्याचं काम स्प्रिंग करते, म्हणून पॅड नीट असूनही गळती राहिली तर स्प्रिंग कमजोर आहे का पाहा. उघड्या चाव्या बोट मिटवतं. तिथे पॅड बदलल्यावर चावी किती उघडते हा प्रश्न येतो. नवं पॅड जुन्यापेक्षा जाड झालं की भोकावरची मोकळी जागा कमी होते आणि सूर दबलेला, किंचित उतरलेला येतो. पातळ झालं की चावी जास्त उघडते, सूर चढतो आणि बोटाला लांब जावं लागतं. हे अंतर चावीच्या शेपटीखालच्या कॉर्कच्या तुकड्याने ठरतं. कॉर्क घासून किंवा नवा लावून ते जुळवा, पॅडला हात लावू नका.

कड्यांच्या चाव्या: इथे वेळ द्या

बोटांच्या भोकांभोवती जी कडी असते, ती दाबली की दूरचं एक पॅड मिटतं. अशी पॅड तीन आहेत: अंगठ्याच्या कडीचं, वरच्या भागावरच्या कड्यांचं आणि खालच्या भागावरच्या कड्यांचं. पॅड हवाबंद आहे, तरी सूर फुटत नाही, असा प्रकार हमखास यांच्याकडे निघतो.

कारण असं. पॅड पूर्ण मिटलेलं असताना कडी भोकाच्या वर आलेल्या कठड्याशी समपातळीत असायला हवी. पॅड जाड असेल तर ते मिटूनही कडी कठड्याच्या वर राहते. बोट कडीवर थांबतं, भोक पुरतं झाकलं जात नाही. पॅड पातळ असेल तर कडी कठड्याच्या खाली जाऊ शकते. बोट आधी कठड्यावर टेकतं आणि पॅड अर्धवट उघडंच राहतं. दोन्ही गळत्याच, पण पहिली बोटाखाली आणि दुसरी पॅडखाली, त्यामुळे नुसतं पॅड पाहून कळत नाहीत. तपासायला पॅडखाली कागदी पट्टी ठेवा आणि कडी बोटाने नाही, एका सपाट, ताठ तुकड्याने दाबा. आइस्क्रीमची काडी पुरे. काडी कडी आणि कठडा दोन्हींना एकदम टेकली आणि पट्टीही धरली गेली, तर जाडी जमली. नाहीतर पॅड बदला, किंवा ते पातळ असल्यास लाखेचा थर वाढवून उचला.

जोडीने मिटणारी पॅड

ई/बीची चावी दाबली की एफ/सीचं मोठं पॅडही तिच्याबरोबर मिटतं, कारण एफ/सीच्या चावीचा 'कावळ्याचा पाय', म्हणजे तिला जोडलेला फाटे असलेला तुकडा, दोघींना बांधतो. या दोन पॅडपैकी एक बदलायचं असेल तर दोन्ही बदला, एकाच जाडीची. मग दोन्हींखाली एकेक कागदी पट्टी ठेवून ई/बीची चावी अगदी हलक्या करंगळीने दाबा. एफ/सीची पट्टी घट्ट आणि ई/बीची सैल निघाली, तर पहिलं पॅड दुसऱ्याला अडवतंय. जोडाच्या जागी कॉर्क थोडा घासा. उलट असेल तर तिथे कागदाचा एक पापुद्रा चिकटवून सुरुवात करा; तेवढ्यानेच अनेकदा भागतं. मोठ्या पॅडमधल्या गळतीच्या तक्रारींपैकी कितीतरी या एका जोडावर सुटतात.

दोन भागांमधल्या पुलाचंही, म्हणजे वरच्या आणि खालच्या चाव्या जोडणाऱ्या पट्टीचंही, तसंच. उजव्या तर्जनीने खालची कडी दाबली की पुलावरून वरच्या भागाचं पॅड मिटतं. पुलातला कॉर्क जाड झाला तर खालचं पॅड मिटत नाही, झिजला तर वरचं मिटत नाही. वाद्य जोडताना दोन्ही भाग सरळ रेषेत आहेत ना हे आधी पाहा; पूल तिरका असताना कॉर्क घासला तर घासलेला कॉर्क परत येत नाही. आणि वर ए आणि ए-फ्लॅटच्या चाव्यांमध्ये एक इवला स्क्रू असतो. त्यात केसभर मोकळीक हवी. तो जास्त आत गेला की त्या दोघींपैकी एक पॅड पुरतं मिटत नाही.

बसवल्यानंतर

वाद्य जोडून ओढण्याची चाचणी पुन्हा करा, मग खालच्या ईपासून वर हळू, बारीक आवाजात वाजवा. जोराने फुंकल्यावर लहान गळत्या लपतात. दोन-तीन दिवस वाजवल्यावर फेल्ट थोडं बसतं, म्हणून चौथ्या दिवशी कागदी पट्टी एकदा परत फिरवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फेल्ट दमट हवेने फुगतं आणि उन्हाळ्यात जुळवलेली पॅड जुलैत बिजागरीकडून आधी टेकायला लागतात. तेव्हा लगेच लाख गरम करायला बसू नका. वाद्य दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून मग तपासा. विदर्भातल्या मे महिन्यात उलटा प्रकार: केस बंद गाडीत राहिली तर आतली उष्णता लाख मऊ करण्याइतकी चढते आणि पॅड जागेवरून घसरतात. वाजवून झालं की आतून कापड फिरवल्याशिवाय वाद्य केसमध्ये टाकू नका, आणि महिनोन्‌महिने बंद ठेवायचं असेल तर अधूनमधून उघडून हवा लागू द्या. फेल्ट लोकरीचं असतं आणि त्याला कसर लागते.

पॅड भोकाला चिकटून 'चिप्‌' असा आवाज येत असेल, तर त्याखाली रोलिंग पेपरचा तुकडा ठेवून चावी हलकेच मिटवा, दाबून ओढू नका, उचला आणि कागद काढा. तीन-चार वेळा. पावडर टाकू नका. ती ओलाव्याबरोबर कडेवर गाळ होऊन बसते आणि पुढच्या वेळी पॅड आणखी चिकटतं. इतकं करूनही तेच पॅड चिकटत राहिलं, तर मळ पॅडवर नसून भोकाच्या कडेवर असतो: पिळलेला ओला इअरबड कडेवरून एकदा, मग कोरडा.